फोडलेली मतं

१२ जानेवारी

वहिनी,

माझं अक्षर ओळखून तुम्ही पाकीट न फोडताच टाकून द्याल, म्हणून पत्ता टाइप करून घेतलाय. नमस्कार केला असं समजा. दादा गेल्यापासून तुम्ही माझा एकही नमस्कार घेतलेला नाही, तेव्हा हाही वाया गेला तर मला नवल वाटणार नाही.

काम असं आहे. वाचनालयाने मला आपल्या विधानसभा मतदारसंघाचा इतिहास लिहायला सांगितलाय, पहिल्या निवडणुकीपासून आजपर्यंतचा. छापखाना विकून नदीपलीकडे राहायला आल्यापासून मी रिकामाच आहे. शिवाय सगळ्या पक्षांची पत्रकं जन्मभर मीच छापली. कोण कधी काय थापा मारून निवडून आलं, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

सुरुवातीची प्रकरणं हातावेगळी झाली. पहिली निवडणूक डॉक्टरांची. समोर जमीनदार. डॉक्टरांनी सगळ्या प्रचारात एकच भाषण केलं. "मला मत दिलं नाहीत तरी माझ्याकडे खोकल्याचं औषध मिळेल. समोरच्यांना विचारा, मत दिलं नाही तर त्यांच्याकडे काय मिळेल?" तेवढ्यावर निवडून आले. सभागृहात मात्र ते एकदाच बोलले म्हणतात, तेही खिडकी लावून घ्या एवढं सांगायला.

मग दादा. तरुण वकील, निशाणी छत्री, आणि एकच हट्ट, नदीवर पूल. पूल झाला. दुसऱ्यांदा लोकांनी त्यांना अक्षरशः डोक्यावर घेतलं. तिसऱ्या निवडणुकीआधी मतदारसंघाच्या हद्दी नव्याने आखल्या आणि पलीकडचा काठ शेजारच्या मतदारसंघात गेला. ज्यांच्यासाठी पूल बांधला, ते मतदारच हातचे गेले. दादा कसेबसे तरले.

आता चौथी. मास्तरीणबाई पाटी घेऊन उभ्या, दादा छत्री घेऊन, आणि मी अपक्ष, शिडी घेऊन. पुढे काय झालं ते गावाला पाठ आहे. शिडी आम्ही लावली, वर मास्तरीण चढली. त्या आल्या त्या चारदा आल्या. आता वय झालं म्हणून थांबताहेत, त्यामुळे यंदा खुर्ची मोकळी आहे.

त्या चौथ्या निवडणुकीच्या वेळी तुमच्या घरात काय वातावरण होतं, दादा काय बोलत होते, हे तुम्हीच सांगू शकता. सांगाल?

तुमचा दीर (तुम्ही मानत नसलात तरी)


२० जानेवारी

भाऊजी,

पाकीट टाइप केलेलं होतं म्हणून विजेचं बिल समजून फोडलं. बिल परवडलं असतं.

घराला आग लावणाऱ्यानेच पंचनामा करायचा, अशी पद्धत कधीपासून आली? आणि घरात काय वातावरण होतं म्हणून मलाच विचारता? ऐका तर. निकालाच्या दिवशी हे घरी आले ते थेट मागच्या खोलीत जाऊन बसले. जेवायला बोलावलं तर म्हणाले, "त्याला मिळालेली मतं माझी होती गं." वर्षभर तेच एक वाक्य. मग ते गेले. तुम्ही दारात आलात आणि मी दार लावून घेतलं, ते अजून उघडलेलं नाही. हे घाला तुमच्या पुस्तकात.

आणि आत्ताच हा इतिहास कुठून आठवला, तेही मला कळतं. सोन्याला यंदा पक्षाने उभं केलंय, वडिलांच्याच जागेवर, छत्रीवर. समोर सरकारी दवाखान्याची नोकरी सोडून मास्तरणीच्या पाटीवर उभी राहिलेली ती सिस्टर, गिरणीच्या सांडपाण्यावरून मोर्चे काढणारी. घराण्याची जुनी लक्तरं वेशीवर टांगून सोन्याला पाडायचं, हे तिने तुम्हाला सांगितलं की तुमचं तुम्हालाच सुचलं? बापाला पाडलंत, आता लेकाची पाळी.

लिहायचंच असेल तर एक ओळ लिहा. "धाकट्या भावाने थोरल्याची मतं फोडली." खाली सही करा आणि पेन ठेवा.

दादांची बायको


२९ जानेवारी

वहिनी,

त्या सिस्टरला मी एकदाच भेटलोय, रक्तदाब मोजायला. "बोलू नका, आकडा वाढतो," एवढंच ती म्हणाली. तुमचं पत्र वाचताना तिची फार आठवण झाली.

तुम्ही एक ओळ सांगितलीत. ती खोटी आहे, आणि आता मी म्हातारा झालोय, खोटं छापायची हौस फिटलीय. म्हणून जे आजवर तोंडातून काढलं नाही ते लिहितो.

मला दादांनीच उभं केलं होतं.

अर्ज भरायच्या आठवड्यात ते छापखान्यात आले. त्यांचा कारकून बरोबर होता, त्याला दाराशी बसवलं. मी जुळणी करत होतो, हाताला शाई. दादा स्टुलावर बसले आणि म्हणाले, "पलीकडचा काठ गेला. मास्तरीण येतेय. गिरणीच्या चाळी तिच्या मागे आहेत, पण तुझंही तिथे ऐकतात, त्यांच्या युनियनची पत्रकं तू उधारीवर छापतोस. तू उभा राहा. तिची मतं खा."

मी म्हटलं, "आणि लोक मला काय म्हणतील?"

"फितूर म्हणतील. सहा महिने. मग मी सांगेन सगळ्यांना."

"वहिनींना?"

"तिला आधी कळलं तर तिच्या तोंडावर दिसेल. निवडून आलो की सांगू."

निवडून आले नाहीत. मग सांगायचं काय आणि कोणत्या तोंडाने? त्यांनी मला शपथ घातली होती, ती त्यांच्या मागेही पाळली. गावात फितूर म्हणून फिरलो. तुम्ही दार लावलंत तेव्हाही फितूर म्हणूनच बाहेर उभा राहिलो.

हे प्रकरण पुस्तकात जाणार. सोन्याचं काय व्हायचं ते होवो.

दीर


३ फेब्रुवारी

भाऊजी,

मेलेला माणूस साक्ष द्यायला येत नाही, हे हेरूनच तुम्ही इतकी वर्षं थांबलात. वकिलाच्या घरात वाढलात, एवढं शिकलात हे खरं.

ह्यांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला आणि तो धोंडा म्हणे तुम्ही? नवऱ्याला मी ओळखत होते. ते हट्टी होते, रागीट होते, पण असला रडीचा डाव त्यांचा नव्हता.

ते प्रकरण छापलंत तर तुम्हाला कोर्टात खेचीन. सोन्या वकील आहे, फी पडणार नाही.


६ फेब्रुवारी

वहिनी,

खेचा. त्या निमित्ताने तरी समोरासमोर याल.

दादांचा कारकून अजून जिवंत आहे. आता सोन्याच्या कचेरीत बसतो. त्याला विचारा. पण माझं नाव न घेता विचारा, नाहीतर सावध होईल.


१४ फेब्रुवारी

भाऊजी,

विचारलं.

कारकून सकाळी सोन्याचे कागद न्यायला आला होता. त्याला चहा दिला आणि म्हटलं, "भाऊजींना उभं करायची कल्पना ह्यांची की तुमची?" मला सगळं ठाऊकच आहे अशा थाटात. तो बशीत चहा ओतत म्हणाला, "साहेबांचीच हो वहिनीसाहेब. कल्पना एक नंबर होती, पण तुमच्या दिराच्या अंगात आलं. यंदा मात्र धाकट्या साहेबांनी माणूस नीट निवडलाय."

मी किटली खाली ठेवली. "कोणता माणूस?"

"सिस्टरचा सख्खा भाऊ. बसस्थानकाजवळ सायकली दुरुस्त करतो. बहीण-भावाचं वाकडं आहेच. त्याला अपक्ष उभा केलाय. तिच्या आळीतली मतं तोच खाईल. निवडणूक झाली की स्थानकात त्याला गाळा द्यायचाय." आणि हसला. आणि बिस्कीट चहात बुडवलं.

तेव्हा तुम्ही खरं बोलत होता. मान्य करते. पण एवढ्यावरून पाघळू नका, माझं बोलणं संपलेलं नाही.

ह्यांनी मला सांगितलं नाही, त्याचा हिशोब मी त्यांच्याशी वर जाऊन करीन. तुमच्याशी वेगळा आहे. एक, "तुमच्या दिराच्या अंगात आलं" म्हणजे काय? प्रचाराच्या शेवटच्या दिवसांत मी भाजी घेऊन येत असताना चौकात तुमची सभा चालली होती. गिरणीचं पाणी, चाळींची छपरं, "वकिलांच्या छत्रीखाली फक्त गिरणीमालक कोरडा राहिला" असं बोलत होतात तुम्ही. ते मास्तरणीविरुद्ध होतं का? लोक टाळ्या वाजवत होते आणि तुमचा चेहरा मी पाहिला. खोटा उमेदवार असा दिसत नाही.

दोन, शपथ पाळली म्हणून मिरवू नका. तुमचं तोंड बंद राहिलं म्हणून माझ्या लेकाला बापाची फक्त युक्ती कळली. तिच्यापायी घरात काय झालं ते कळलंच नाही. त्याला वाटतं, डाव चांगला होता, फक्त गडी चुकला.


१८ फेब्रुवारी

वहिनी,

हो. अंगात आलं.

पहिले चार दिवस मी पढवल्यासारखं बोललो. मग एका चाळीत एका म्हातारीने विचारलं, "तू खरंच उभा आहेस, का भावाने उभा केलाय?" मी म्हटलं, "खरंच." त्या दिवसापासून मी खरंच उभा होतो. गिरणीचं पाणी तिच्या दारातून वाहत होतं. त्यावर बोलायला नको?

दादांनी मध्ये एकदा निरोप पाठवला, फार बोलतोयस, आवर. शेवटी स्वतः आले, म्हणाले, "मला पाठिंबा जाहीर कर आणि बाजूला हो." मी म्हटलं, "आता लोक माझ्याकडे बघून येताहेत, त्यांना काय सांगू?" ते म्हणाले, "त्यांना काय सांगायचंय? ते माझे आहेत." तिथे आमचं फाटलं. प्यादं पुढे सरकवणाऱ्याने ते शेवटच्या घरात गेल्यावर तक्रार करू नये.

मला त्याचा पश्चात्ताप नाही, आणि तुमच्या समाधानासाठी मी तो आणणारही नाही.

पण माझ्या मुक्या तोंडाला नावं ठेवताय, तर आता तुमच्या तोंडाचं काय? अर्ज मागे घ्यायची मुदत या आठवड्यात संपते. तुम्हाला सगळं माहीत आहे. मुलगा तुमचा आहे. गप्प बसलात तर तुमच्यात आणि माझ्यात फरक एवढाच राहील, की मला निदान शपथ तरी होती.


२४ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं पत्र वाचून इतका संताप आला, की चप्पल घातली आणि बाहेरच पडले. संतापाचा तेवढा उपयोग झाला.

आधी सोन्याकडे गेले. तो फोनवर होता. मी म्हटलं, "त्या सायकलवाल्याला मोकळा कर." त्याने फोनवर हात ठेवला. "आई, यातलं तुला कळत नाही." "तुझ्या वडिलांनाही कळलं नव्हतं." तो म्हणाला, "बाबा काकांवर विसंबले, तिथे चुकले. घरचा माणूस घ्यायचा नसतो. दुसऱ्याच्या घरचा घ्यायचा असतो." हे तो इतक्या सहज बोलला, जणू पावसाळी बूट कुठे मिळतात ते सांगतोय.

मग मी बसस्थानकाकडे गेले. छोटंसं दुकान, टायर टांगलेले, घमेल्यात पाणी. मालक उकिडवा बसून ट्यूब बुडवत होता. वर न बघताच म्हणाला, "पंक्चर का हवा?"

"मी सायकल चालवत नाही."

"मग?"

"मी छत्रीवाल्या उमेदवाराची आई."

तो उठला, हात पुसले, स्टूल पुढे केलं. गाळ्याचं काही सांगायला आले असं वाटलं असणार. मी म्हटलं, "बहिणीविरुद्ध का उभा राहिलास?"

त्याचा चेहराच बदलला. "ती कोण लागून गेली? गावाची सेवा करते. आमची आई अंथरुणाला खिळली होती, तेव्हा हिच्या दवाखान्यात पाळ्या. सगळं मी केलं, माझ्या बायकोनं केलं. आणि लोक म्हणतात, सिस्टरचा भाऊ ना तू? मला माझं नावच नाही."

"म्हणजे तिला पाडायचंय."

"तिला कळू दे एकदा, मी आहे ते."

भाऊजी, त्याचं म्हणणं मला पटलं. तिथेच अडचण झाली. उपदेश करायला गेले होते, आणि सांगायला उपदेश उरला नाही. मग मी त्याला आपलं सांगितलं. ह्यांनी धाकट्या भावाला असंच उभं केलं, दोघेही पडले. निकालानंतर ते दोघे एकाच गावात राहून एकमेकांशी बोलले नाहीत. हे गेले तेव्हा धाकटा दारात उभा होता. पावसात भिजलेला नव्हता की रडत नव्हता, नुसता उभा होता, चपला हातात घेऊन. आणि मी त्याच्या तोंडावर दार लावलं. "भांडायचंय तर तिच्या घरी जाऊन भांड," मी म्हटलं, "आरडाओरडा कर, ताटं फेक. पण दुसऱ्याने भरवलेल्या शब्दांनी भांडू नकोस. असलं भांडण मिटत नाही, कारण ते तुमचं दोघांचं राहतच नाही."

त्याने खाली बसून ट्यूब पुन्हा पाण्यात बुडवली. मग म्हणाला, "गाळा गेला म्हणायचा."

मी म्हटलं, "गेला."

"तुमचा मुलगा पडेल बाई."

"कदाचित."

काल दुपारी त्याने अर्ज मागे घेतला. हे तुमच्या टोमण्यामुळे केलेलं नाही, आणि चपलांचं लिहिलं ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही. त्याला सांगितलं ते तुम्हालाही सांगितलं, इतकंच.


२० मार्च

वहिनी,

निकाल ऐकला. सिस्टर आली, आणि सोन्या इतक्या थोड्या मतांनी पडला की सायकलवाला उभा असता तर सोन्याच आला असता. चौकात आज दुसरं बोलणं नाही. तुमचंही नाव निघालंय. कारकूनच सांगत सुटलाय, वहिनीसाहेबांनी घात केला म्हणून. फितूर म्हणवून घेण्यात माझा अनुभव दांडगा आहे. पहिले सहा महिने बाजाराला दुसऱ्या वाटेने जा.

सायकलवाला बहिणीच्या घरी गेला आणि खरंच कडाडून भांडला, असं ऐकतो. शेजारी जमले होते. मतमोजणीला मात्र तिच्यामागे उभा होता.

मी पुस्तकाचं शेवटचं प्रकरण अडवून ठेवलंय. तुम्ही म्हणाल तर दादांची गोष्टही गाळतो, तुमचीही. इतिहास नाही म्हणून कोणी उपाशी राहत नाही.

एक विचारतो. एवढं केलंत, तर मतही सिस्टरलाच दिलं असणार. नाही का?

आणि मी रविवारी येऊ का? दार लावून घेतलंत तरी चालेल. सवय आहे.


२८ मार्च

भाऊजी,

येऊ नका. दार लावायचं की उघडायचं हे अजून माझं मला ठरवता आलेलं नाही, आणि तुम्ही समोर आलात की मी घाईने काहीतरी करून बसेन.

गाळू काहीही नका. ह्यांनी काय केलं ते छापा. तुम्ही चाळीतल्या त्या म्हातारीपुढे खरंच उभे राहिलात, तेही छापा, आणि त्यात तुम्हाला मजा आली हेही. मी काय केलं ते छापा. कोर्टाची धमकी मागे घेतली असं समजू नका. आता वकील मिळेनासा झालाय, एवढंच.

सोन्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी आला. उभ्याउभ्याच म्हणाला, "बाबांना काकांनी पाडलं आणि मला तू."

मी म्हटलं, "तुझ्या बाबांना बाबांनीच पाडलं. तुलाही तूच पाडलंस. मी फक्त एक माणूस तुझ्या हातून काढून घेतला."

"तू त्या बाईला आमदार केलंस."

"लोकांनी केलं."

"तुझ्यासारख्या लोकांनी!" एवढं बोलून निघून गेला. सूनबाई फोन उचलते, बरं आहे म्हणते आणि ठेवते. नातवंडांचा आवाज मागून ऐकू येतो. कारकुनाकडून कळलं, की सोन्या मला आता आई म्हणत नाही, "त्या" म्हणतो. मीही तुम्हाला इतकी वर्षं "ते" म्हणत होते, तेव्हा तक्रार कुठल्या तोंडाने करू?

आता तुमचा प्रश्न. शाळेत रांग मोठी होती. बायका माझ्याकडे बघून कुजबुजत होत्या. एक जण तर मुद्दाम ऐकू येईल असं म्हणाली, "ही तर पाटीवाल्या सिस्टरचीच." आत गेले, पडद्यामागे उभी राहिले. समोर सिस्टरची निशाणी होती. बाई चांगली आहे, काम करील. तिच्याशी डाव होऊ नये म्हणून मी पोटच्या पोराला नडले आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा नडेन.

आणि मत छत्रीला दिलं. कपटाने तो यावा हे मला नको होतं, पण तो यावा एवढं मात्र हवं होतं. त्याला एक मत तरी असं पडावं, जे कोणाचंही फोडलेलं नाही.

सोन्याला हे सांगणार नाही. सांगितलं तर त्याला ते मत मागितल्यासारखं वाटेल, आणि मला दिल्यासारखं. तुम्हीही पुस्तकात घालायचं नाही. मतदान गुप्त असतं.

वहिनी